उरलेला हात

"ही रुई कायले नेऊन राह्यल्या मॅडम?"

लोहाऱ्याच्या जिनिंगच्या फाटकाशी मी पिशवीत रुई कोंबत होते. चौकीदाराला विचारूनच कोंबत होते, पण मागून अचानक असा आवाज आला की माणूस उगीच चोर होतो. वळून पाहिलं तर एक उंच मुलगा. केसांत कापसाचे तंतू, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर असं हसू, की फाटक त्याच्या मामाचंच असावं.

"नखं पुसायला," मी म्हणाले.

"काय पुसाले?"

"नखं. नेलपॉलिश काढायचं, हात टिपायचे... आमच्या क्लासला लागते."

"मंग मेडिकलमधला बंडल घ्या ना."

"अख्ख्या जिल्ह्यात कापसाचे ढीग पडलेत, भाव विचारायला कुत्रं येत नाही, आणि आम्ही कापूस मेडिकलमधून विकत आणायचा?" हे वाक्य मुळात आमच्या हुस्नाबी खालांचं होतं, पण मी ते माझंच असल्यासारखं ठणकावलं.

त्यानं माझ्या पिशवीतून चिमूटभर रुई उचलली आणि नळाखालच्या बादलीत टाकली. रुई तरंगत राहिली. मी बोटानं खाली दाबली, ती वर आली. पुन्हा दाबली... पुन्हा वर. पाणी होतं तसंच, आणि रुई होती तशीच कोरडी.

"कच्ची हाये ते," तो म्हणाला. "तिच्यावर मेण असते. उकळून काढल्याबिगर पाणी पीत नाही."

"मग तुमची ही रुई काय कामाची?"

"अन् तुमची ओढणी कायची हाये?"

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी हसू आलं होतं, म्हणून राग जास्त आला. पिशवी तिथेच रिकामी केली आणि तरातरा निघाले.

"बंडल मी आणून देतो," मागून आवाज आला. "हुस्नाबीच्या क्लासात ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पिशवीवर लिवलं हाये."

हुस्नाबी खालांचा क्लास आर्णी रोडवर, एका शिलाई मशीनच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खालांनी उभी हयात नवऱ्या मुलींच्या हातांवर मेंदी काढण्यात घालवली, मग नागपूरला जाऊन पार्लरचं काम शिकल्या, आणि त्या वर्षी सरकारी कोर्सचं केंद्र त्यांना मिळालं. कोर्स मॅनिक्युअरचा, म्हणजे हातांची निगा आणि नखांचं काम. शेवटी नागपूरहून परीक्षक येणार आणि पास झालं की सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट. ते एकदा भिंतीवर टांगलं की तुम्ही 'नखं रंगवणारी पोरगी' राहत नाही, व्यावसायिक होता.

हा फरक माझ्या बाबांना पटता पटत नव्हता. बाबा जिल्हा परिषदेत. आमच्या घरात तीन पिढ्या फक्त फायलींवर सह्या झालेल्या.

"बी.एस्सी. करून लोकांची नखं कापायची?" बाबा म्हणायचे. "आणि तीही या वर्षी? दिवाळीत कापड दुकानवाले माशा मारत बसले होते. आपल्याकडे कापूस विकला तर बाजार चालतो, शाल्मली. नखं करून घ्यायला येणार कोण?"

"लग्नं थांबलीत का?" आई पोळी उलटता उलटता म्हणाली. आईचं असंच असतं, एक वाक्य टाकते आणि तव्याकडे वळते.

शेवटी बाबांनी अट घातली. या परीक्षेत पास झाले तर घराची समोरची खोली माझ्या पार्लरला. नाही तर अमरावतीला मावशीकडे राहून बी.एड. करायचं आणि हा विषय कायमचा बंद. बाबा शब्दाचे पक्के, सगळी पंचाईत तिथेच होती.

तर बंडल आला. निळ्या कागदात गुंडाळलेला मेडिकलचा पांढराशुभ्र कापूस. आणणाऱ्याचं नाव पियूष, गाव ढाणकी. जिनिंगमधल्या खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या, म्हणजे उत्तमसिंगजींच्या हाताखाली तो उमेदवारी करत होता. पुढच्या आठवड्यात दुसरा बंडल आला. मग तिसरा.

"इतना कापूस अपने को सालभर नहीं लगता, बेटा," खाला मला म्हणाल्या. त्यांची भाची जेबा खिडकीतून खाली पाहत खुदकन हसली. मी नखांवरचा रंग नको तितका घासत बसले.

एकदा जिन्यात मी त्याला पकडलंच. "हात दाखवा."

"कायले?"

"सराव. आम्हाला वेगवेगळे हात पाहायला सांगितलेत."

त्यानं डावा पुढे केला. मी उजवा मागितला, तर त्यानं चक्क पाठीमागे लपवला.

"याले हात लावाचा नाही. हा कामाचा हाये."

मग त्यानं खिशातून कापसाचं बोंड काढलं आणि करून दाखवलं. डाव्या हातात पुंजका धरला. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं त्यातले मोजके तंतू हळूच ओढले, पुन्हा जुळवले, पुन्हा ओढले. चिमटीत रेशमी रेघ उरली. ती मनगटावर ठेवून तो पाहत राहिला. इतका वेळ बडबडणारा मुलगा एकदम गप्प झाला, आणि मला कळेना की मी धागा पाहतेय की त्याच्या पापण्या.

"लांबी चांगली हाये," तो म्हणाला. "हे बोट कोरडं पाहिजे, खरबरीत पाहिजे. तेल नाही, क्रीम नाही. जरा मऊ पडलं का धागा सटकते. मंग चांगल्या कापसाले मी हलका म्हणीन, अन् ज्याचा कापूस हाये तो मरते."

"म्हणजे तेल अजिबात नाही?"

"भजी पण कागदात धरून खातो."

मला वाटलं थापा मारतोय. पण दुसऱ्या दिवशी बसस्टँडच्या टपरीवर पाहिलं, तर खरंच, गरम भजं कागदाच्या चिमटीत धरून फुंकर मारत होता. आजूबाजूचे लोक बघताहेत, याला पत्ता नाही. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

"हसून घ्या," तो म्हणाला. "एकदा मी ग्रेडर झालो ना..."

"झालात की काय?"

"मंग सांगतो," तो म्हणाला आणि चहात बघायला लागला. त्या दिवसानंतर आमचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाबांची खोलीची अटही मी त्याला सांगून टाकली.

परीक्षेच्या आधी खालांनी आमच्याकडून सगळं घोकून घेतलं. कोमट पाण्यात हात किती भिजवायचे, कानस कुठून कुठे फिरवायची, नखाच्या मुळाची कातडी कशी सोडवायची. पण त्यांचा सगळ्यात लाडका धडा पहिलाच. "हाथ पकड़ने के पहले दो सवाल. आज इन हाथों से काम क्या करते? और कल क्या करना है? उसके बाद पानी." आम्ही मुली हे दोन प्रश्न आरतीसारखे म्हणायचो, अर्थाकडे लक्ष न देता.

परीक्षेला प्रत्येकीनं आपापली मॉडेल आणायची होती. माझी मॉडेल जेबा. तिची नखं सुरेख, बदामी. परीक्षेच्या सकाळी ती बुरखा सावरत जिना चढली, रडवेल्या चेहऱ्यानं हात पुढे केले... कोपरापर्यंत मेंदी. आदल्या संध्याकाळी पुसदहून पाहुणे आले होते, बात पक्की झाली होती, आणि आनंदाच्या भरात मेंदी काढली कोणी? खुद्द खालांनी. भाचीचे हात समोर आले आणि उद्या तेच हात परीक्षेचे आहेत, हे त्या साफ विसरल्या. मेंदीच्या हातांवर परीक्षा चालत नव्हती. खालांच्या स्वतःच्या हातांवरही मेंदीच होती.

"या अल्लाह," एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

तेवढ्यात निळा बंडल घेऊन पियूष दारात उभा. शुभेच्छा द्यायला आला होता. सगळ्यांची तोंडं बघून त्यानं जेबाला विचारलं, जेबानं रडत रडत सांगितलं. त्यानं बंडल खिडकीत ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"माणसाचे हात चालत नाही का?" त्यानं विचारलं.

नागपूरहून आलेल्या परीक्षक विमलताई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हात पाहिजेत. बाईचे की बाप्याचे, आमच्या नियमात नाही. रंगाऐवजी नखं घासून चमक आणायची."

"पण तुझा उजवा..." मी हळूच म्हणाले.

"आज मोकळा हाये," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. बाह्या दुमडल्या. माझ्याकडे बघितलंच नाही.

मला इतका आनंद झाला होता की बाकी काही सुचत नव्हतं. वाटीत कोमट पाणी घेतलं, टॉवेल अंथरला. विमलताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी सुरात सुरू केलं, "आज या हातांनी काम काय करता?"

"कापूस पाहतो."

"आणि उद्या काय काम आहे?"

मी वर पाहिलं. तो टॉवेलच्या किनारीकडे बघत होता.

"उद्या काय आहे, पियूष?"

"काही नाही. तू कर."

"विचारलेल्याचं उत्तर द्या," विमलताई म्हणाल्या.

"उद्या... उत्तमसिंगजी परीक्षा घेऊन राह्यले माही. जमलं तर ग्रेडर. नाही तर पुढच्या हंगामाले पाहू." मग अगदी खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, "तुही खोली हाये ना या परीक्षेवर. माही काय, पुढच्या सालीही होते."

समोर पाण्याची वाटी होती आणि तिच्यावर वाफ. मला समोरची खोली दिसत होती. खिडकीशी ठेवायचं टेबल, भिंतीवरचं सर्टिफिकेट, आणि अमरावतीच्या मावशीचा तो पलंग. त्या क्षणी मला कळलं की हा मुलगा बंडल पोचवायला येत नव्हता. आणि हेही कळलं की मला तो फार आवडतो. आवडतो म्हणजे, ज्याच्यासाठी आपलं नुकसान करून घ्यायला मागेपुढे पाहणार नाही असा.

मी त्याचा डावा हात घेतला आणि वाटीत ठेवला. उजव्यावर कोरडा टॉवेल टाकून झाकून ठेवला.

"येडी झाली का?" तो कुजबुजला.

"गप्प बस. मॉडेल बोलत नसते."

डाव्या हाताचं सगळं केलं. जीव ओतून केलं. कानस, कातडी, क्रीमचं मालिश, शेवटी बफरनं चमक. मग हात जोडून उभी राहिले.

"आणि दुसरा?" विमलताईंनी विचारलं.

"तो आज नाही करणार, मॅडम. उद्या त्यांना लागतो."

खोलीत सगळ्यांच्या कानशी थांबल्या. विमलताईंनी पियूषचा डावा हात उचलून उजेडात धरला, एकेक नख पाहिलं, मग टॉवेलखालचा उजवा पाहिला.

"एका हातावर मी कोणालाही पास करत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडून रुमाल काढला, चष्मा पुसला. "पुढच्या गुरुवारी माझी बॅच वणीला आहे. उरलेला हात तिथे घेऊन ये. हाच हात पाहिजे. दुसऱ्या माणसाचा आणलास तर नापास."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. बंडल नव्हता. नुसता पियूष.

"झालं?" मी विचारलं.

"सगळे ढीग बरोबर सांगितले," तो म्हणाला. "उत्तमसिंगजी म्हणते, उजवा ठीक हाये, पर ये बायें हाथ की शादी किसके साथ हुई? अख्खं जिनिंग मले आधा दूल्हा म्हणून राह्यलं."

मी हसले, पण लगेच आठवलं. "आता तू ग्रेडर. रोज खरेदी. गुरुवारी उजवा कसा देणार?"

त्याचं हसू मावळलं. "तेच सांगाले आलो. खरेदी चालू असली का मले हलता येत नाही. पण... मी काहीतरी करतो."

गुरुवारी पहाटे मी जागी झाले ती पत्र्यावरच्या आवाजानं. अवेळी आभाळ आलं होतं. बारीक पाऊस, थेंब मोजता येतील असा. बाहेर सगळे आभाळाला शिव्या घालत होते, केंद्रासमोरच्या गाड्या ताडपत्रीखाली गेल्या असणार. आणि मी खिडकीत उभी राहून खुश होत होते. ओला कापूस कोणी घेत नाही. पाऊस म्हणजे खरेदी बंद. लोकांच्या कपाळावर आठ्या आणि माझ्या पोटात गुदगुल्या, मला स्वतःचीच लाज वाटली. पण खुशी काही जाईना.

"वणीला एकटी कशाला जातेस," म्हणत बाबा छत्री घेऊन सोबत निघाले. त्यांना अर्ध्या परीक्षेचं कौतुक नव्हतं. "पास म्हणजे पास," एसटीत ते दोनदा म्हणाले. वणी जवळ आली तसे कोळशाचे ट्रक दिसायला लागले. पावसानं रस्ता काळा चिखल झाला होता. परीक्षा एका शाळेच्या वर्गात होती. बाबा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर पेपर उघडून बसले.

मुलींची कामं सुरू झाली. माझी समोरची खुर्ची रिकामी. विमलताईंनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा मला. पाणी निवलं, मी बदललं. पुन्हा निवलं...

तेव्हा तो आला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, पँटवर काळा चिखल. फक्त उजवा हात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेला.

"ताडपत्र्या बांधून आलो," तो धापा टाकत म्हणाला. "कोळशाच्या ट्रकमंधी बसलो. हात मात्र कोरडा हाये, मॅडम."

"बसा," विमलताई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

मी पिशवी सोडवली. पहिल्यांदाच तो उजवा हात माझ्या हातात आला. अंगठ्याचं टोक खरंच कानशीसारखं होतं. मी त्यावरून बोट फिरवत राहिले.

"सवाल," तोच म्हणाला.

"आज या हातांनी काम काय करता?"

"कापूस पाहतो. ग्रेडर हाये."

"आणि उद्या काय काम आहे?"

"उद्या अन् परवा खरेदी बंद. तवर हात कोरडा होऊन जाईन." तो जरा पुढे झुकला. "काम आजच हाये. हे झालं का बाहेर बाकावरच्या माणसाशी बोलाचं हाये. म्हणून जरा नीट कर."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. "तुला कसं कळलं ते बाबा आहेत?"

"नाक तुह्यासारखंच हाये."

"काय बोलणार आहेस?"

"तुले ठाऊक नाही?"

"नाही," मी म्हणाले आणि त्याचा हात कोमट पाण्यात ठेवला. "सांगितल्याशिवाय मला काही ठाऊक होत नाही."

"मंग ऐक..." त्याचे कान लाल झाले. "मले तुह्यासंगं राहाचं हाये. जन्मभर. एक हात कापसासाठी कोरडा ठेवीन. दुसरा तुह्या हाती."

"आणि मी दोन्ही मागितले तर?"

"पावसाच्या दिवशी देईन."

"बोलणं कमी, मालिश जास्त," विमलताई मागून म्हणाल्या. त्याची बोटं माझ्या बोटांत होती, मालिशच्या नियमाप्रमाणेच होती, आणि मी मान वर न करता म्हणाले, "हो."

"काय हो?"

"जे तू म्हणालास, त्याला."

शेवटच्या नखावर माझा बफर घसरला. विमलताईंनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "पास. शेवटी बफर घसरला, त्याचे मार्क कापलेत."

आम्ही व्हरांड्यात आलो तेव्हा पाऊस थांबत आला होता. बाबांनी पेपर घडी केला. ते काही विचारायच्या आत पियूष पुढे झाला, वाकून नमस्कार केला, आणि मग, काय सुचलं कोण जाणे, हात पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला. अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हात फार मऊ आहे हो तुमचा. काही कामधंदा करता की नाही?"

पियूषनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हणाले, "तो मी केलाय."

बाबांनी हात सोडला नाही. तसाच उजेडात वळवून एकेक नख पाहिलं. मग म्हणाले, "दुसरा दाखवा."

डावा आठवड्याभरात पुन्हा जिनिंगचा झाला होता. बोंडाच्या टोकांचे ओरखडे, बोटांना चिरा. बाबा दोन्ही हात धरून उभे राहिले. एकदा त्या हातांकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी माझ्याकडेच बघत राहिले, आणि मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. खोलीचं पण आणि दुसरं पण.

"चहा घेऊ," ते म्हणाले आणि छत्री उघडून चालायला लागले. फाटकाशी थांबून, मागे न वळता म्हणाले, "शाल्मली, समोरच्या खोलीतलं कपाट जड आहे. मला एकट्याला हलणार नाही. यांना उद्या काही काम आहे का विचार."

"उद्या खरेदी बंद हाये, काका," पियूष म्हणाला.

टपरीवर बाबांनी भजी मागवली. मी सवयीनं कागदाचा तुकडा फाडून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो माझ्या हातातून घेतला, घडी करून खिशात ठेवला, आणि गरम भजं सरळ उजव्या हातानं उचललं.